गिन्झाच्या नाटकघरातला डोअरकीपर

नौदल अकादमीतून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला इचिरो ओगामी टोकियोला येतो तो एका गुप्त तुकडीचे नेतृत्व करायला. साल १९२३. उएनोच्या बागेत चेरी फुललेली आहे आणि गुलाबी किमोनोवर लाल हाकामा नेसलेली, केसांत मोठी लाल रिबीन बांधलेली साकुरा शिंगुजी त्याला घ्यायला आली आहे. ती त्याला घेऊन जाते गिन्झातल्या एका भव्य नाट्यगृहात. तिथले प्रमुख इक्की योनेदा दारूची बाटली जवळ घेऊन बसलेले. गुप्त तुकडीची भाषा ते उडवूनच लावतात. इथे मुली गातात, नाचतात, नाटके करतात. तू दाराशी उभा राहा आणि प्रेक्षकांची तिकिटे फाड, एवढेच तुझे काम. ज्याने लढायचे शिक्षण घेतले, तो डोअरकीपर होतो. मग शहरावर हल्ला होतो, धोक्याची घंटा वाजते, आणि तेव्हा कुठे ओगामीला कळते, की या नाट्यगृहाच्या तळघरात लष्करी तळ आहे, तिथे वाफेवर चालणारी चिलखती यंत्रे उभी आहेत, आणि रंगमंचावर गाणाऱ्या मुलीच त्या यंत्रांत बसून राजधानीचे रक्षण करतात.

‘साकुरा ताइसेन’ या व्हिडिओ गेमची ही सुरुवात. सेगा कंपनीने २७ सप्टेंबर १९९६ रोजी आपल्या ‘सॅटर्न’ या कन्सोलसाठी तो जपानात विक्रीला आणला. जपानी गेम उद्योगाच्या संघटनेने त्या वर्षीचा आपला सर्वोच्च पुरस्कार त्याला दिला. पुढे त्याचे अनेक भाग निघाले, अ‍ॅनिमे मालिका आल्या, चित्रपट आला, रंगमंचावर प्रयोग झाले. तरीही सॅटर्नवरचा हा मूळ गेम युरोप-अमेरिकेत कधी विक्रीला आला नाही आणि त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्तीही निघाली नाही. असे का झाले, याचे उत्तर व्यापारात सापडते. पण त्याहून जास्त ते गेमच्या घडणीतच सापडते. म्हणून आधी ती घडण पाहू.

रोल-प्लेइंग गेम म्हणजे खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका घ्यायची, कथेतून पुढे सरकायचे, लढाया करायच्या आणि हळूहळू ताकद वाढवत न्यायची. जपानात हा प्रकार १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’पासून घराघरांत पोचला. ताकद वाढते ती शत्रू मारून मिळणाऱ्या गुणांनी, विकत घेतलेल्या तलवारी-ढालींनी. डेटिंग सिम हा दुसराच प्रकार. त्यात लढाई नसते. पात्रांशी ओळख वाढवायची, त्यांच्या मनात जागा मिळवायची. त्याचा जपानातला मोठा मापदंड म्हणजे कोनामी कंपनीचा ‘तोकिमेकी मेमोरियल’. तो मे १९९४ मध्ये पीसी इंजिन या यंत्रावर आला. हायस्कूलची तीन वर्षे, आठवड्यामागून आठवडे अभ्यास, खेळ, कला यांत वेळ वाटायचा, सुट्टीच्या दिवशी मुलींना भेटायचे, आणि पदवीदानाच्या दिवशी शाळेतल्या एका जुन्या झाडाखाली कोणी प्रेम व्यक्त करते का, ते पाहायचे. शेजारची बालमैत्रीण शिओरी फुजिसाकी हिच्या अपेक्षा इतक्या, की तिच्यासाठी सगळ्याच विषयांत तरबेज व्हावे लागते. बरे, एकीकडेच लक्ष दिले तर दुर्लक्षित मैत्रिणीच्या नावापुढे बाँबचे चिन्ह उमटते. तो फुटला की सगळ्याच मुलींच्या नजरेतून तुम्ही उतरता. या गेमचा हिशेब फार बारीक आहे आणि मला तो आवडतो. पण शेवटी तो हिशेबच. खेळणारा वेळापत्रकासमोर बसून निवांत आकडेमोड करू शकतो.

‘साकुरा ताइसेन’ने हे दोन्ही प्रकार घेतले आणि त्यांची गाठ एका तिसऱ्या जागी बांधली. ती जागा म्हणजे नाटक.

हा गेम ज्यांच्या डोक्यातून निघाला ते ओजी हिरोई, रेड कंपनीचे. ‘तेन्गाई माक्यो’ ही त्यांची १९८९ ची कलाकृती. सीडीवर आलेला हा सुरुवातीच्या काळातला रोल-प्लेइंग गेम, बोलक्या आवाजांचा आणि अ‍ॅनिमेशनचा. सेगाला त्या काळात अशा माणसाची गरज होती. सॅटर्न नोव्हेंबर १९९४ मध्ये आला आणि दोनच आठवड्यांत सोनीचे प्लेस्टेशन समोर उभे राहिले. १९९६ च्या सुरुवातीला ‘फायनल फॅन्टसी’ या लोकप्रिय मालिकेचा पुढचा भाग प्लेस्टेशनवर येणार असे जाहीर झाले. ज्याच्यासाठी लोक कन्सोलच विकत घेतील, असा स्वतःचा गेम सेगाला हवा होता. हिरोईंनी माणसे गोळा केली ती एखादा मोठा नाट्यप्रयोग उभा करावा तशी. पात्रांची रेखाटने ‘आ! मेगामीसामा’ या गाजलेल्या मांगाचे चित्रकार कोसुके फुजिशिमा यांची, संवादलेखन सातोरु आकाहोरी यांचे, संगीत कोहेई तानाका यांचे. तानाकांनी पुढे १९९९ मध्ये ‘वन पीस’ मालिकेचे पहिले शीर्षकगीत केले; पण ‘साकुरा ताइसेन’चे कूचगीत आजही त्यांच्या सर्वांत ओळखीच्या रचनांपैकी एक आहे. पितळी वाद्यांचा जोश आणि एकत्र गाणाऱ्या मुलींचे आवाज, असे ते गाणे आहे. गेम सुरू केला की पहिले तेच कानावर येते, आणि नाट्यगृहात बसल्याची भावना तिथूनच जागते.

कथा भागांत विभागलेली आहे, दूरदर्शनवरच्या साप्ताहिक मालिकेसारखी. प्रत्येक भागाच्या शेवटी पुढच्या भागाची झलक, तीही एखाद्या नायिकेच्या आवाजात. भागाचा मोठा हिस्सा नाट्यगृहातच घडतो. ओगामी जिन्यांवरून, विंगेतून, मेकअपच्या खोल्यांतून, स्वयंपाकघरातून फिरतो. रात्री झोपण्यापूर्वी सगळ्या इमारतीत फेरी मारायची, दिवे आणि दारे पाहायची, हेही त्याचेच काम. फेरीचा वेळ मोजका असतो. म्हणजे प्रत्येकीची भेट होणार नाही; कोणाच्या दारावर टकटक करायची ते ठरवावे लागते.

आणि इथे येते या गेमची खरी कमाल. ती म्हणजे संवादाची पद्धत. सेगाने तिला ‘लिप्स’ असे नाव दिले. समोरची मुलगी काहीतरी बोलते आणि पडद्यावर दोन-तीन उत्तरे उमटतात. त्याच वेळी एक पट्टी भराभर आखडू लागते. ती संपायच्या आत उत्तर द्यायचे. उत्तर दिले की क्षणात एक सूर वाजतो: चढा सूर म्हणजे तिला बरे वाटले, उतरता सूर म्हणजे तिचे मन दुखावले. काही ठिकाणी वेळ भरपूर असतो, काही ठिकाणी वाचून होईपर्यंत पट्टी संपत आलेली असते. पण वेळ संपला म्हणजे खेळ अडला असे होत नाही. ओगामी गप्प राहिला, असे धरून कथा पुढे चालते. त्या गप्प राहण्यावरही समोरची व्यक्ती प्रतिक्रिया देते. कधी ती चिडते: काही विचारते आहे मी! कधी मात्र गप्प राहणे हेच योग्य असते. रडणाऱ्या माणसाला सल्ला नको असतो, आणि तिन्ही उत्तरे सल्ल्याची असतात, तेव्हा हात कंट्रोलरवरून काढून पट्टी संपू देणे हाच सुज्ञपणा ठरतो.

यात केवढी मोठी गोष्ट साधली आहे ते लक्षात घ्यायला हवे. त्या आधीच्या बहुतेक गेममध्ये संवादाचे पर्याय आले की जग थांबत असे. खेळणारा चहा करून आला तरी समोरचे पात्र तोंड उघडे टाकून वाट पाहत उभे. त्यामुळे बोलणे हे कोडे सोडवण्यासारखे होई. ‘लिप्स’ने बोलण्याला काळ दिला. तिसरी घंटा होऊन पडदा वर गेला की नटाला विचार करायला वेळ मागता येत नाही. समोरच्याने टाकलेले वाक्य झेलावेच लागते, आणि विसरला तर ते विसरणेही प्रेक्षकांना दिसते. ओगामीची, आणि म्हणून खेळणाऱ्याची, नेमकी हीच अवस्था आहे. तो दारात तिकिटे फाडतो, पण दिवसभर नाटकात तोही आहेच. सेगाने या गेमला रोल-प्लेइंग म्हटले नाही, डेटिंग सिमही म्हटले नाही. त्यांच्या लेखी तो ‘ड्रामॅटिक अ‍ॅडव्हेंचर’. जाहिरातीसाठी दिलेले नाव असेल, पण ते खरे आहे.

आता लढाई. मैदान चौकोनांत आखलेले, पाळीपाळीने चाल करायची. प्रत्येकीचे ‘कोबू’ नावाचे यंत्र वेगळ्या रंगाचे आणि वेगळ्या शस्त्राचे. साकुरा सेंदाईची, तलवार चालवणारी. सुमिरे कान्झाकी बड्या उद्योगपतीच्या घरातली, लांब दांड्याचे पाते फिरवणारी आणि स्वतःला नाट्यगृहाची पहिली नायिका समजणारी. मारिया ताचिबाना रशियन बापाची नि जपानी आईची मुलगी, बंदूक वापरणारी, रंगमंचावर बहुधा पुरुषभूमिका करणारी. आयरिस फ्रान्सहून आलेली. ली कोहरान चीनची, यंत्रांची वेडी; तिचे शोध बऱ्याचदा फुटतात. कान्ना किरिशिमा ओकिनावाची, कराटेपटू, सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत भुकेली. या सहा जणींचा ओगामीवर जितका विश्वास, तितके त्यांचे यंत्र लढाईत जोरकस. कथेने दिलेले कारण असे, की कोबू नुसत्या वाफेवर चालत नाही, आत बसलेल्या माणसाच्या आत्मशक्तीवर चालते. मन विचलित असेल तर यंत्रही ढिले पडते.

म्हणजे सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही सुमिरेला काय बोललात, याचा परिणाम संध्याकाळच्या लढाईत तिच्या वाराच्या जोरावर होतो. दुकानातून घेतलेली तलवार नाही, मारलेल्या शत्रूंचे गुण नाहीत; ताकद वाढवायचा रस्ता माणसांतूनच जातो. आणि हा रस्ता उलटाही चालतो. लढाईत एखादी नायिका अडचणीत सापडली तर ओगामी पुढे होऊन तिच्यावरचा वार अडवू शकतो. ही संधी मोजक्याच वेळा मिळते. ती कोणासाठी वापरायची, हा डावपेचाचा प्रश्न आहे आणि मनाचाही. जिच्यासाठी वापरली, तिचा विश्वास वाढतो. दोन खेळ शेजारी-शेजारी ठेवून मधे दार केले, असे हे नाही. एक काढला तर दुसरा उभाच राहत नाही.

लढाईचा भाग स्वतंत्रपणे पाहिला तर फार अवघड नाही. सराईत खेळाडू फारसा न अडखळता पार होईल. मला तो दोष वाटत नाही. इथे चढाई जिंकण्यासाठी नाही, सकाळपासून जमवलेले नाते तपासून पाहण्यासाठी आहे.

दोष आहे तो दुसरीकडे. सहा जणींच्या मधोमध एकटा पुरुष आणि त्याची नजर हीच खेळणाऱ्याची नजर, ही मांडणी त्या काळाने फारशी तपासली नाही. रात्रीच्या फेरीत ओगामी न्हाणीघराशी पोचतो तेव्हा पाय आपोआप तिकडे वळले, असा विनोद केला जातो, आणि मालिकेच्या चाहत्यांत तो ठरलेला विनोद होऊन बसला. त्याहून खटकते ती आयरिसची जागा. ती जेमतेम दहा वर्षांची मुलगी. तिचे एकाकीपण, प्रचंड शक्ती असलेल्या लेकराची भीती, हे प्रसंग कथेत छान लिहिले आहेत. पण विश्वासाच्या त्याच तक्त्यात आणि नायिकांच्या त्याच रांगेत तिला बसवणे चुकीचे होते. ती सगळ्यांची धाकटी बहीण म्हणून राहिली असती तर कथेचे काहीच अडले नसते.

आता शहराकडे येऊ, कारण या गेमची सातवी नायिका टोकियो आहे असे मला वाटते. गॅसचे दिवे, विटांच्या इमारती, ट्राम, किमोनो आणि हॅट एकाच रस्त्यावर. जपानच्या इतिहासातला ताइशो काळ १९१२ ते १९२६ असा अवघ्या चौदा वर्षांचा. मासिके, सिनेमागृहे, कॅफे, शिकायला घराबाहेर पडलेल्या मुली, हे सगळे त्या काळात फुलले. हाकामा आणि पायात बूट हा तर शाळकरी मुलींचा त्या काळचा ओळखीचा वेश. साकुराचा पोशाख तिथूनच घेतला आहे. नुसत्या मुलींच्या संगीत नाटक मंडळीची कल्पनाही त्याच काळातली. रेल्वे उद्योजक इचिझो कोबायाशी यांनी आपल्या रेल्वेमार्गाच्या टोकाच्या ताकाराझुका गावी प्रवासी यावेत म्हणून १९१३ मध्ये मुलींचे गायनपथक काढले, १९१४ मध्ये त्यांचा पहिला प्रयोग झाला, आणि ती मंडळी आजही जोरात चालू आहे. त्यांत पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात. मारियाची घडण कुठून आली, हे ताकाराझुकाचा एखादा प्रयोग पाहिलेल्याला सांगावे लागत नाही.

खलनायकाची निवड तर फारच विचारपूर्वक केलेली. राजधानी उद्ध्वस्त करू पाहणाऱ्या गटाचा म्होरक्या तेन्काई हा पुन्हा जिवंत झालेला मठाधीश. तेन्काई नावाचे बौद्ध भिक्षू खरोखरच होऊन गेले. तोकुगावा शोगुनांचे ते सल्लागार. एदो, म्हणजे पुढचे टोकियो, वसत होते तेव्हा ईशान्य दिशेकडून अनिष्ट शक्ती शहरात शिरतात या समजुतीनुसार त्यांनी १६२५ मध्ये ईशान्येला, उएनोच्या टेकडीवर, कान्एइजी हे मंदिर उभारले. ज्याने शहराला कवच बांधले तोच गेममध्ये ते कवच फोडायला निघतो. आपले जुने एदो या वाफेच्या, विटांच्या, परदेशी वळणाच्या राजधानीने गिळले, हा त्याचा राग. त्याचे हस्तक शहरातल्या ठरावीक जागी जमिनीत खुंट्या ठोकत जातात. आणि पहिली झडप पडते ती उएनोच्याच बागेत, चेरीच्या झाडांखाली. शहराचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर इथे काटा येतो.

आणि साल १९२३. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी १२ ला दोन मिनिटे कमी असताना कान्तो भागात भूकंप झाला. जेवणाच्या वेळच्या चुली पेटलेल्या होत्या. आगी लागल्या आणि टोकियो-योकोहामात एक लाखाहून अधिक माणसे गेली. आसाकुसातला बारा मजली मनोरा, १८९० पासूनची टोकियोची शान, मधूनच मोडला आणि त्याचे वरचे मजले कोसळले. त्यानंतर अफवा पसरल्या आणि जमावांनी हजारो कोरियन लोकांची कत्तल केली. गेम नेमके हेच वर्ष निवडतो आणि त्या वर्षीच्या टोकियोला वाचवायला सहा मुली पाठवतो. जपानी खेळाडूला हे साल शाळेपासून पाठ असते. पडद्यावरचे ते झगमगते गिन्झा खऱ्या जगात टिकले नाही, हे त्याला माहीत असते. म्हणून या गेमच्या आनंदी रंगांखाली एक हुरहुर सतत वाहते.

मात्र ही हुरहुर निवडक आहे. निर्मात्यांनी त्या काळाचे नाव लिहितानाच एक चिन्ह मुद्दाम बदलले. हा आपला ताइशो नाही, कल्पनेतला आहे, असे सांगून टाकले. त्यामुळे चीनची कोहरान, रशियन रक्ताची मारिया, ओकिनावाची कान्ना एका छताखाली गुण्यागोविंदाने नांदू शकतात. वसाहती, कोरिया, ती कत्तल या कशालाच त्या जगात जागा नाही. साम्राज्याचा गणवेश इथे फक्त देखणा दिसतो. वेगवेगळ्या देशांच्या मुली एकमेकींवर विसंबून लढतात, ही कल्पना मला मनापासून भावते. पण ती इतिहासाचा केवढा भाग पुसून उभी आहे, हेही सांगितलेच पाहिजे.

आता त्या गोष्टीकडे, जिच्यामुळे हे प्रकरण लिहावेसे वाटले. नाट्यगृहाविषयीचा हा गेम दुसऱ्याच वर्षी खऱ्या नाट्यगृहात गेला. जुलै १९९७ मध्ये टोकियोच्या शिंजुकू भागातल्या सभागृहात ‘साकुरा ताइसेन’चा पहिला ‘कायो शो’ झाला. त्यात कोणी नवे नट घेतले नाहीत. ज्यांनी गेममध्ये आवाज दिले त्याच कलावंत त्या-त्या पात्राच्या वेशात रंगमंचावर आल्या. साकुराचा आवाज असलेल्या चिसा योकोयामा साकुरा होऊन गायल्या, सुमिरेचा आवाज असलेल्या मिचिए तोमिझावा सुमिरे होऊन पंखा हलवत मिरवल्या. प्रेक्षक जणू गेममधल्याच त्या नाट्यगृहाचे प्रेक्षक होते. तिकीट काढून आत आलेले, पात्रांची नावे पुकारणारे. हे प्रयोग २००६ पर्यंत दरवर्षी होत राहिले. गेम आणि अ‍ॅनिमेवर आधारलेली नाटके आज जपानात मोठा व्यवसाय आहे. २००३ मध्ये ‘टेनिस नो ओजिसामा’ या मांगावरच्या संगीतिकेने त्याला वेग दिला. पण तिथे सहसा आवाजाचे कलाकार वेगळे आणि रंगमंचावरचे वेगळे. आवाज, चेहरा आणि पात्र वर्षानुवर्षे एकाच माणसात राहण्याचे उदाहरण ‘साकुरा ताइसेन’इतके भरीव दुसरे मला माहीत नाही.

याचा परिणाम किती खोल गेला ते सुमिरेच्या गोष्टीवरून कळते. तोमिझावा यांनी काही वर्षांनी ही भूमिका सोडायचे ठरवले. अशा वेळी निर्माते दुसरा आवाज शोधतात आणि पात्र चालू ठेवतात. अ‍ॅनिमेच्या धंद्यात हे रोजचेच. इथे तसे केले नाही. सुमिरेची आत्मशक्ती ओसरू लागली आहे, आता तिला कोबू चालवता येणार नाही, अशी कथा रचली गेली, आणि २००२ मध्ये तिच्या निवृत्तीसाठी खास एक अ‍ॅनिमे निघाला. रेखाटलेले पात्र निवृत्त झाले, कारण त्याला आवाज देणारी बाई निवृत्त होत होती. चाहत्यांनीही ते तसेच स्वीकारले. कोणत्याही गेमच्या पात्राला एवढा मान मिळालेला मी तरी ऐकलेला नाही.

मग असा गेम जपानबाहेर का गेला नाही? सॅटर्न अमेरिकेत चाललाच नाही, हे एक कारण. दोन डिस्क भरून जपानी संवाद, गाणी, आवाज. ते सगळे दुसऱ्या भाषेत पुन्हा उभे करायचा खर्च बुडत्या यंत्रासाठी कोण करणार? पण आणखी एक कारण आहे, आणि त्याकडे क्वचितच लक्ष जाते. जपानातच राहिलेले कितीतरी रोल-प्लेइंग गेम परदेशी हौशी मंडळींनी शब्दकोश शेजारी ठेवून खेळून काढले. एकेक चिन्ह शोधायचे, अर्थ लावायचा, मग बटण दाबायचे. ‘साकुरा ताइसेन’ला ही युक्ती चालत नाही. पट्टी आखडत असते. शब्दकोशाचे पान उलटेपर्यंत ओगामी गप्प राहिलेला असतो आणि समोरची मुलगी रुसून निघून गेलेली असते. ज्या घड्याळाने या गेमला जिवंत केले, त्याच घड्याळाने परक्याला दाराबाहेर ठेवले.

त्यामुळे पाश्चात्त्य चाहत्यांना साकुरा आधी भेटली ती अ‍ॅनिमेतून. गेमची मालिका जपानात वाढत राहिली: १९९८ मध्ये दुसरा भाग, २००१ मध्ये पॅरिसला नेणारा तिसरा, २००२ मध्ये चौथा. पॅरिसच्या भागात ‘लिप्स’ला नवी जोड मिळाली; कंट्रोलरची काडी वर-खाली करून ओगामीच्या बोलण्याचा जोर ठरवायचा, म्हणजे तेच वाक्य पुटपुटता येते किंवा ओरडताही येते. बोलण्याला काळ दिला होता, आता आवाजाची पट्टीही दिली. मला हा मालिकेतला सर्वांत परिपक्व भाग वाटतो. पहिल्या भागाची २००३ मध्ये प्लेस्टेशन २ साठी नव्याने निर्मिती झाली, तीही जपानपुरतीच. इंग्रजीत पहिल्यांदा उतरला तो पाचवा भाग, न्यूयॉर्कमधल्या नाट्यगृहाचा. जपानात २००५ चा, अमेरिकेत २०१० चा.

पुढे सेगाने डिसेंबर २०१९ मध्ये ‘शिन साकुरा ताइसेन’ आणला आणि २०२० मध्ये तो जगभर विकला. नायिका नव्या, रेखाटने ‘ब्लीच’ या मांगाचे चित्रकार तिते कुबो यांची, काळ १९४० चा. गिन्झाचे ते नाट्यगृह आता कर्जात आणि रिकाम्या खुर्च्यांत बुडालेले आहे, आणि ते चालवते आहे सुमिरे कान्झाकी. आवाज तोमिझावा यांचाच. पाळीपाळीच्या चालींची लढाई मात्र काढून टाकली आणि तिथे धावपळीची मारामारी आणली. ती खेळायला बरी आहे, पण मैदानावर थांबून, आज कोणाला पाठीशी घालायचे याचा विचार करण्याची ती घालमेल तिच्यात उरली नाही.

२०१९ च्याच अखेरीस हौशी अनुवादकांच्या एका गटाने सॅटर्नच्या मूळ गेमचा इंग्रजी अनुवाद पुरा करून सर्वांसाठी खुला केला. तेवीस वर्षांनी का होईना, पट्टी संपायच्या आत इंग्रजी वाचणाऱ्यालाही ओगामीची उत्तरे वाचता येऊ लागली. ज्याला या मालिकेत शिरायचे आहे त्याने न्यूयॉर्कपासून किंवा २०१९ पासून सुरुवात करू नये. उएनोच्या बागेपासूनच करावी. चित्रे आज भरड दिसतील, लढाया संथ वाटतील. पहिल्या एक-दोन भागांत उत्तरे शोधून ठेवून खेळण्याचा मोह होईल, तो टाळावा. साकुरा पहिल्यांदा रागावेल तेव्हा तो राग घेऊन पुढच्या लढाईत उतरावे, आणि तिचे यंत्र कसे ढिले पडते ते स्वतः पाहावे.